शेवटचा टेकू

तासगावातली घोड्यांची जुनी पागा पाडून प्रसूतिगृह बांधा, असं सगळे म्हणत होते. आर्किटेक्ट वत्सलानं नकाशात ते पागेतच बसवलं आणि उजेडासाठी दगडी भिंतीत कमान आखली. आज कमानीखालचा शेवटचा टेकू निघणार होता. टेकू काढताना बांधणाऱ्यानं खाली उभं राहायचं, ही जैनुद्दीन गवंड्याच्या घराण्याची रीत. तो उभा राहिलासुद्धा. "चाचा, बाहेर या!" वत्सला ओरडली. "बांधलीया आमी, बाई. पडली तर आमच्याच डोस्क्यात." पण आखली तिनं होती. कडेवरच्या आपल्या बाळाची पदर धरलेली मूठ तिनं हलकेच सोडवली, त्याला मजूर बनुबाईकडं दिलं आणि जैनुद्दीनशेजारी येऊन थांबली. "आवं, लेकुरवाळ्या तुमी!" "टेकू काढा." घण बसला, टेकू निसटला. वरून माती सांडली, दगड करकरला आणि सगळं शांत झालं. जैनुद्दीननं भिंतीला कान लावला. मग म्हणाला, "बनुबाई, लेकराला आत आन."