सत्तावीस कादंबऱ्या

“काका, ही पण लहान मुलांचीच आहे हं,” ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या.

“मला तीच हवीय,” हेरंब म्हणाला.

घटस्फोटानंतर नऊ वर्षांची ऋजुता आईबरोबर सांगलीहून नागपूरला निघाली, तेव्हा बक्षीस मिळालेल्या सगळ्या बालकादंबऱ्या वाचायचं तिनं ठरवलं होतं. बाबानंही त्या वाचायच्या, मग फोनवर दोघांनी बोलायचं, असा तिचा हट्ट. हेरंब गॅरेजात मेकॅनिक. पेपरापलीकडे त्यानं कधी काही वाचलं नव्हतं. पण बाईंकडून त्यानं यादी करून घेतली आणि दुपारच्या सुट्टीत एकेक कादंबरी वाचू लागला. पुरात कुत्रा वाहून जातो, तिथं तर डबा तसाच ठेवून तो रडला होता.

फोन हळूहळू बंदच झाले. वाचन मात्र चालू राहिलं.

चार वर्षांनी मामेबहिणीच्या लग्नाला ऋजुता सांगलीला आली. कार्यालयाबाहेर दोघांना अर्धा तास मिळाला. हेरंबनं घाईघाईनं विचारलं, “तो कुत्रा वाहून जातो ना, तिथं रडलीस का गं?”

“कुठला कुत्रा?”

त्यानं कादंबरीचं नाव सांगितलं, मग बाकीचीही सांगितली. एकूण सत्तावीस.

“सॉरी बाबा,” ती ओशाळून म्हणाली, “मी दोन-तीनच वाचल्या असतील.” मग त्याचा चेहरा पाहून हळूच म्हणाली, “तुम्ही सांगा ना गोष्ट. मी ऐकते.”

आजवर ती त्याला ‘अरे बाबा’च म्हणायची. पाहुण्याशी बोलावं तसं ते ‘तुम्ही’ ऐकलं आणि हेरंबला एकही गोष्ट आठवेना.