तीन नंबरचं गाणं

तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: टोचतंय.

काकांनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. अक्षरं तीन माणसांची, शब्द मात्र एक. मागच्या दोन्ही रविवारी हेच झालं होतं. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि कुठे ते आज शोधून काढायचंच असं ठरवून ते आले होते.

खोली शिंप्याच्या दुकानामागची. भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले, त्यामुळे आवाज घुमत नसे आणि रेकॉर्डिंग इथेच होई. मंडळी चार. शिंपी, दवाखान्यातली सिस्टर, वायरमन असलेला काकांचा पुतण्या आणि स्वतः काका. सिस्टरनं गायलेलं एकच गाणं चौघंही घरी नेऊन मिक्स करत. गळा किती पुढे, गिटार किती मागे, ज्याचं त्यानं ठरवायचं. मग इथे ती गाणी नुसत्या नंबरानं वाजत आणि प्रत्येकजण चिठ्ठीवर मत लिही. ही पद्धत काकांचीच. "नाव कळलं की कान खोटं बोलतात," असं ते शिकवत.

तीन नंबर काकांचा होता. चौथी चिठ्ठीही त्यांचीच. तिच्यावर 'मोकळं, स्वच्छ' असं लिहिलेलं होतं.

चौघांच्या पहिल्या अल्बमचं शेवटचं मिक्सिंग कोण करणार, हे आज ठरायचं होतं. माइकचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे या तिघांना शिकवणाऱ्या माणसाला सोडून दुसरं नाव निघेल, असं काकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता जागेपणी येत होतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

म्हणून आज ते ताकही फुंकून पीत होते. पेनड्राइव्ह आतल्या खिशात, खिशाला सेफ्टीपिन. स्पीकरच्या ट्रेबलच्या, म्हणजे वरच्या बारीक आवाजाच्या, बटणावर मागच्या रविवारी त्यांनी काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता, कुणी फिरवलं तर कळावं म्हणून. ठिपका आज जागच्या जागी होता. म्हणजे चोर हुशार होता.

"फाइल बदललीस ना माझी?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"काका, पेनड्राइव्ह तुम्हीच लावलात. मी हातसुद्धा लावला नाही."

"मग माझं एकट्याचंच बरं टोचतं!"

शिंपी जरा अडखळत म्हणाला, "काका, वरचा आवाज फार चढवता हो तुम्ही. प्रत्येक 'स'ला सुई टोचल्यासारखं होतं."

"चढवणार नाही तर काय? नाही चढवला तर ही गोधडीत तोंड खुपसून गातेय असं वाटतं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी ते बरोबर टिपलं.

"सरळ सांगा ना, म्हातारा नकोसा झालाय. गुरूची विद्या गुरूलाच!"

"तसं नाही हो काका," सिस्टर म्हणाली. "एक करू या का? पाच मिनिटांचं काम आहे. हा आवाज लावेल. ऐकू आला की बोट वर करायचं. सगळ्यांनीच."

पुतण्यानं लॅपटॉप पुढे ओढला. त्यात एक फाइल आधीपासूनच उघडून ठेवलेली होती. काकांनी तेही टिपलं.

पहिला आवाज जाडा, घुमणारा. चार बोटं वर गेली. दुसरा डासाच्या गुणगुणण्यासारखा. पुन्हा चार बोटं. काका मनात हसले. बालवाडीच उघडली होती पोरांनी.

मग पुतण्यानं कळ दाबली आणि काहीच वाजलं नाही. शिंप्याचं बोट वर गेलं. सिस्टरचं गेलं. पुतण्याचंही गेलं.

काकांनी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. आवाज किती ते दाखवणारी हिरवी पट्टी वर चढलेली होती. पट्टी काय, कशीही नाचवता येते. एवढी वर्षं काय झोपा काढल्या होत्या त्यांनी?

पुतण्यानं आवाज वाढवला असावा, कारण पट्टी आणखी चढली. शिंप्यानं तोंड वेडंवाकडं केलं. सिस्टरनं दोन्ही कानांवर हात दाबले.

"वा!" काकांनी टाळ्या वाजवल्या. "नाटक कंपनी काढा! बसून पाठ केलंत ना तिघांनी? कुणी कधी काय करायचं ते?"

एवढ्यात कोपऱ्यातल्या ताग्यांमागे धडपड झाली. वरचा एक तागा घसरून खाली आला आणि पाठोपाठ एक मांजर. कान पाठीमागे पाडलेले, शेपूट फुललेलं. ते काकांच्या पायांमधून सुसाट निघालं आणि अर्धवट उघड्या दारातून बाहेर पळालं.

"हे कधी शिरलं आत?" शिंपी म्हणाला.

कुणालाच माहीत नव्हतं.

काका दाराकडे पाहत राहिले. कोणी, कुठे, कधी मांजराला शिकवलं असेल, असं त्यांच्या मनात येऊ पाहत होतं, पण येईना. ते भ्यायले होते. शिंप्यानं पडलेला तागा उचलला आणि उगाचच झटकला. पुतण्याची मान खाली होती.

मग दारावरची नजर न काढता काकांनी हळूच उजवा हात उचलला आणि बोट वर केलं.

"आला," ते म्हणाले. "आता आला ऐकू."

सिस्टरनं पुतण्याकडे पाहिलं. पडद्यावरची पट्टी केव्हाच तळाला गेली होती. मांजर पळालं तेव्हाच त्यानं आवाज बंद केला होता.