महिन्यातून एकदा पुरे

साबण मी बनवते, पण गिऱ्हाइकं सुनेची. दर सोमवारी ती त्यांना ईमेल पाठवते आणि बायका तिलाच उत्तरं लिहितात. मला कुत्रं विचारत नाही. मुलानं विचारलं, "आई, ईमेल आठवड्याला की महिन्याला?" "महिन्याला. ऊठसूट दार वाजवणाऱ्याला कोण आत घेतं?" सून फोनवर बोटं चालवत राहिली. मी तारेनं साबणाच्या वड्या कापत बडबडते तेव्हाही बाईसाहेब फोनमध्येच डोकं खुपसून असतात. मुलानं एका गिऱ्हाइकाचं उत्तर वाचलं: "'साबण पाण्यात ठेवू नका, लाडावलेल्या लेकासारखा लिबलिबीत होतो,' हे वाचून पोट दुखेस्तोवर हसले. सोमवारची वाट बघते." माझी तार वडीतच थांबली. "हे तर माझं बोलणं." "तुमचंच, आई. तुम्ही बोलता, मी टिपून घेते. खाली नावही तुमचंच असतं," सून म्हणाली. मी तार खाली ओढली. "गुरुवारीही पाठवत जा. आणि नाव मोठं घाल."