टेबलावरचे घोरपडे

"एक रुपयाही मिळणार नाही," दिगंबर घोरपडे फोनवर शांतपणे म्हणाले.

ते ऐकून त्यांच्या बायकोच्या, वैजयंतीबाईंच्या, अंगाचा तिळपापड झाला. कारण बोलत होतं ते टेबलावरचं यंत्र. मालक परगावी असले तरी कारखाना अडू नये म्हणून घोरपड्यांनी आपली सगळी स्मृती, आवाज आणि सहीचा अधिकार त्यात भरून ठेवला होता. ते बंद पडलं, तरच सही वैजयंतीबाईंची चालणार होती. खुद्द घोरपड्यांना सकाळीच गाडीतून उचलून नेलं होतं आणि आता खंडणीसाठी फोन आला होता.

"अरे, ते मारून टाकतील त्यांना!" वैजयंतीबाई ओरडल्या.

"वैजू, शांत हो. मी इथेच आहे. कारखाना नीट चाललाय. मग एवढा पैसा कशाला घालवायचा?"

"मला वैजू म्हणायचं नाही!"

तेवढ्यात फोनच्या स्पीकरवर खऱ्या घोरपड्यांचा घोगरा आवाज आला. "हरामखोरा, पैसे दे! मानेवर सुरा आहे माझ्या!"

"माझ्या जागी तुम्ही असता तर हेच म्हणाला असता," यंत्र म्हणालं.



"हो, म्हणालो असतो," पलीकडून घोरपडे दातओठ खात म्हणाले. "म्हणूनच सांगतो, वैजू, फोड त्याला."

वैजयंतीबाईंनी यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि फरशीवर आपटलं. मग फोन कानाला लावला.

"आता सही माझी चालते. माणूस कुठे आणून सोडताय, ते बोला. आणि त्यांना सांगा, घरी आले की मी बघते त्यांच्याकडे."