जिल्ह्याचा दवाखाना

दिवस-रात्रीच्या वेळा बदलल्या तरी रोपं आठवडाभरात नव्या वेळेला पानं मिटायला शिकतात, हे सिद्ध करण्यात डॉ. किशन सूर्यवंशींची पुण्यात अर्धी हयात गेली होती.

त्र्याऐंशीच्या दुष्काळात मुरूडहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आई पाण्याच्या रांगेत पडली. तुझंच नाव घ्यायलीय. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंय, थेट तिकडंच ये."

ते थेट उस्मानाबादला उतरले. लहानपणापासून ओळखीचा रस्ता. कुणाला विचारावंही लागलं नाही. वॉर्डातली खाट न् खाट पाहिली. आई कुठंच नव्हती.

दारातल्या म्हाताऱ्या शिपायानं गाव विचारलं.



"मुरूड? मग लातूरला जावा, साहेब. तुमचा जिल्हा बदलून साल झालं की."