आंगवण सुटल्यावर

बाप्तिस्म्याचं जेवण उरकलं, टेबलं आवरली गेली, आणि डेलिशाने सासूच्या मांडीवर रंगीत कागदात बांधलेलं पुस्तक ठेवलं.

“आता आंगवण सुटली, ममा. वाच पोटभर.”

इझाबेलने कागद सोडला. मुखपृष्ठ दिसलं आणि तिने कागद पुन्हा त्याच्यावर ओढला. कादंबरी नवीकोरी होती, दिवाळीनंतर छापून आलेली. डेलिशाच्या नवऱ्याने, डायलनने, आईसाठी ती सावंतवाडीहून मुद्दाम मागवून घेतली होती. आणि इझाबेलची ती वाचून झाली होती.

पावसाळ्याआधी अंगणातल्या क्रुसासमोर मेणबत्ती लावून तिने सायबिणीला, म्हणजे येशूच्या आईला, नवसाची आंगवण केली होती. डेलिशाचं आधी दोनदा पोटातच गेलं होतं. या खेपेला मूल हाती येऊन त्याच्या डोक्यावर पवित्र पाणी पडेपर्यंत कादंबरीला हात लावणार नाही, असं ती घरच्यांच्या देखत मोठ्याने बोलली. बाकीच्या बायका नवसाला मासे सोडतात. इझाबेलला मासे सोडणं जड नव्हतं, म्हणून तिने जड ते सोडलं. सायबिणीशी लबाडी नको.

लबाडी दिवाळीनंतर आली. वाचनालयातल्या किशोरीने नवी आलेली तीन पुस्तकं पुढे केली आणि इझाबेल म्हणाली, “दी, रोझारियोक व्हयी.” तिचा नवरा रोझारियो पेपरातल्या मयताच्या बातम्यांपलीकडे काही वाचत नाही, हे सगळ्या शिरोड्याला ठाऊक आहे. किशोरीने पुस्तकं त्याच्याच नावावर लिहून दिली.

लाकडांच्या खोपीत बसून तिने तिन्ही वाचली. पहिली एका कारखानदाराची होती आणि इतकी रटाळ, की इझाबेलने ती पापात धरलीच नाही. तसलं पुस्तक शेवटपर्यंत वाचणं हेच प्रायश्चित्त. दुसरीत दोन भाऊ भांडत होते. सुरुवात झकास, पण शेवटी लेखकच कंटाळला आणि दोघांना एकमेकांच्या गळ्यात घालून मोकळा झाला, असं तिचं मत पडलं. तिसरी होती मिठागरावरच्या बाईची. ती आपली धाकटी मुलगी मूल नसलेल्या बहिणीला देते आणि शेजारच्याच घरात जन्मभर तिची मावशी म्हणून राहते. ही मात्र इझाबेलच्या काळजात घुसली. काही पानं तिने इतक्यांदा वाचली, की पुस्तक परत केल्यावरही ती सुटेनात.

ही तिसरी संपवून इझाबेल डोळे पुसत खोपीबाहेर आली, तेव्हा डेलिशा पोट धरून पायरीवर बसली होती.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत गाडीत इझाबेल एकच म्हणत होती, “माझा चुकला, माझा चुकला.” लोकांना वाटलं, सासूची माया. मूल दिवसांआधी आलं, काचेच्या पेटीत राहिलं, पण जगलं. पुढे इझाबेल दोनदा पाद्र्यासमोर पाप सांगायला गेली. दोन्ही वेळा हे सोडून नुसतं कोंबड्यांवर चिडल्याचं पाप सांगून ती परत आली.

“ममान माझ्यासाठी पुस्तकां सोडल्यान,” डेलिशा आता जॉयसीला सांगत होती. जॉयसी मुलीची मादीन, म्हणजे धर्ममाता, दोडामार्गहून आलेली. “म्हणान ह्यां चेडू माझ्या हातात इलां. डॉक्टर काय म्हणाले तां म्हणूंदेत.”

“माका मोबाइलसुद्धा सोडूक जमाचा नाय,” जॉयसी म्हणाली आणि भांडी घेऊन आत गेली.

सांगून टाकावं, असं इझाबेलला वाटलं. तिने डेलिशाकडे बघितलं. पोरीचा सगळा धीर त्या आंगवणीवर उभा होता. ती मोडली होती हे कळलं, तर उद्या बाळाला नुसती शिंक आली तरी ही कोणाकडे बघेल? इझाबेलला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

“वाच गो,” आरामखुर्चीतून रोझारियो म्हणाला. “आता सायबीण काय म्हणाची नाय.” त्याने डोळे मिटून घेतले.

“मोठ्यान वाच, ममा,” डेलिशा म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर पेंगत होतं. “माका पण आयकूचा आसा. तुझा पयला पान.”

इझाबेलने चष्मा चढवला. पहिलं पान तिने अगदी सावकाश उघडलं, नवं पुस्तक उघडावं तसं.

“‘त्या वर्षी मीठ उशिरा धरलं. आगरातल्या बाया रिकाम्या हातांनी बांधावर बसून राहिल्या. थोरली पाणी भरायला गेली होती. धाकटी…’”

आवाज फाटला. तिने पुस्तक मांडीवर उपडं टाकलं, चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली.

“गो ममा, रडतंस कित्याक? अजून काय झालाच नाय.”

“काय नाय. डोळ्यात गेला कायतरी.” तिने चष्मा आणखी पुसला. आता थांबलं तर डेलिशा आणखी विचारील, म्हणून ती घाईने पुढे बोलत गेली. “‘धाकटी अजून रांगत होती. तिने मुठीत माती धरली होती, आणि तिची आई तिच्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं, तर देता आली नसती.’”

पुस्तक मांडीवर उपडंच होतं. चष्मा पदरात होता.

बाळाच्या पाठीवर थोपटणारा डेलिशाचा हात थांबला. ती उपड्या पुस्तकाकडे बघत राहिली, मग सासूकडे. रोझारियो घोरायला लागला होता. इझाबेलला मान वर करता येईना.

डेलिशाने खुर्ची जवळ ओढली. बाळाला खांद्यावरून उतरवून तिने इझाबेलच्या मांडीवर, पुस्तकाच्या वरच ठेवलं.

“मगे त्या चेडवाचां काय झालां, ममा?” तिने हळू आवाजात विचारलं.