एका पानाच्या पाच पट्ट्या

सकाळचे सात वाजले होते. लान्येरोने कालची रताळी शेगडीवर गरम केली, चहा गाळला आणि अंगणात चटई अंथरली. कागदांचा दहा-दहाचा गठ्ठा करून तिने त्यावरून धारदार पाते ओढले. प्रत्येक पानाच्या पाच पट्ट्या पडल्या, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळत्या. रुंद टोक सुईला लावायचे, घट्ट वळत न्यायचे, निमुळत्या टोकाला डिंक लावायचा. मणी झाला. आत काय छापलेले होते, ते पुन्हा कुणाला दिसत नाही. टेकडीखालच्या खाणीत दगड फोडणाऱ्यांचे हातोडे सुरू झाले होते.

चटईच्या दुसऱ्या टोकाला शेजारीण अचिरो येऊन बसली. दोघी उत्तरेतल्या एकाच गावच्या. युद्धात घरे जळाल्यावर त्या राजधानी कंपालाच्या कडेला या टेकडीवर येऊन राहिल्या. दोघींचे मुलगे बंडखोरांनी एकाच रात्री उचलून नेले होते. लान्येरोचा किदेगा दोन वर्षांनी परतला. रानातून आलेल्याने उंबऱ्यातले अंडे पायाने फोडून मग घरात यायचे असते. ते अंडे अचिरोनेच आणून ठेवले होते. माझा ओकुमू कुठे दिसला का, असे तिने त्याला विचारले. तो नाही म्हणाला. त्यानंतर तिने कधीच विचारले नाही. उलट आपल्या हातचे काही खाल्ल्याशिवाय ती त्याला सकाळी भाड्याची मोटरसायकल काढू देत नसे.

गावचे वडीलधारे दर वर्षी निरोप धाडत. देह सापडला नाही, तर यागोच्या झाडाचे लांबट फळ माणसाच्या जागी पुरतात. म्हणजे जीव भटकत नाही. अचिरो ऐकत नसे. जिवंत पोराची कबर खणायला मी वेडी आहे का, असे म्हणून ती निरोप्याला जेवू घालून परत पाठवी.

त्या दिवशीचा कागद पांढरा आणि टंकलेला होता. कुठलेसे कार्यालय बंद पडले होते, त्याची रद्दी पोत्यातून आली होती. तिसरा मणी वळताना लान्येरोचा हात सुईवरच थांबला. पट्टीवर त्यांच्या अचोली भाषेत ओकुमूचे नाव होते. बापाच्या नावासकट, गावाच्या नावासकट.

ती ढिगात त्याच पानाच्या बाकीच्या पट्ट्या शोधू लागली.

“शाळा शिकलेल्यांना मणी वळायलासुद्धा वाचावं लागतं होय गं, किदेगाची आई?” अचिरो हसत म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती.

लान्येरोने पाच पट्ट्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. तुटलेल्या ओळी जुळल्या. रानातून परतलेल्या एका मुलाचा, त्या कार्यालयाने नोंदवलेला तो जबाब होता. ओकुमू पळाला आणि पकडला गेला. त्याच्याच गावच्या मुलांच्या हातात काठ्या देण्यात आल्या. जो मारणार नाही, त्याची पाळी पुढची, असे सांगण्यात आले. सगळ्यांनी मारले. कुठल्या झाडाखाली, तेही लिहिले होते. खाली जबाब देणाऱ्याचे नाव होते: किदेगा, वय चौदा.

तिने पहिली पट्टी वळली. मग दुसरी. आणखी तीन वळल्या, की काही उरणार नव्हते. हे मणी रोगण लावून परदेशी जातील, कुणा अनोळखी बाईच्या गळ्यात पडतील. अचिरो वाट पाहत राहील. सांगितले, तर फळ पुरले जाईल. पुरताना वडीलधारे विचारतील, पोर कसे गेले, कुणी मारले. मग दोन कुळे निवाड्याला समोरासमोर बसतील, आणि किदेगा मध्ये उभा असेल. दोघींची मिळून एक चटई पुन्हा अंथरली जाणार नाही.

अचिरोने पुढे वाकून त्यातला एक मणी उचलला. तो उजेडात धरून पाहिला, छान गोल झालाय म्हणाली, आणि आपल्या दोऱ्यात ओवू लागली.

लान्येरोने तो मणी तिच्या हातातून काढून घेतला. डिंक अजून ओला होता. तिने तो उलगडला, दुसराही उलगडला. पाचही पट्ट्या तिने दोघींच्या मधोमध जुळवल्या आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. काठ्यांची ओळ तिने गाळली नाही. खालचे नावही गाळले नाही.

अचिरोने हातातला दोरा चटईवर ठेवला.

“झाड कुठलं म्हणालीस, ते परत वाच,” ती म्हणाली.

लान्येरोने वाचले. अस्वा नदीच्या काठचे, पायी ओलांडायच्या उताराजवळचे चिंचेचे झाड.

“तेवढंच मला माहीत नव्हतं.”

लान्येरोने विचारले, की बाकीचे माहीत होते, तर इतकी वर्षे फळ का पुरू दिले नाही.

“किदेगा झोपेत बोलतो गं. तुला ऐकू जात नसेल, पण त्याच्या खोलीत आणि माझ्या घरात एक पत्रा तर आहे,” अचिरो म्हणाली. “माझा गेलाच होता. मी बोलले असते, तर तुझाही गेला असता.”